कापणाऱ्याने निवडायचं नाही

४ जानेवारी

प्रिय मावशी,

आईच्या गोळ्यांचा डबा आज पार्सलने पाठवला आहे. साठ गोळ्या आहेत, रोज एक, म्हणजे मार्चपर्यंत निश्चिंती. इस्पितळाच्या खिडकीपुढे या वेळी तीन तास उभी होते. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं, "एका कार्डावर एकच डबा." मी दोन मागितलेच नव्हते, पण आधीच नाही म्हणून मोकळं व्हायची त्याची पद्धत असावी. कचेरीत पोचले तर संपादकांनी आधी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. शब्दकोशाची नवी आवृत्ती मे महिन्यात छापायला जायची आहे, त्यामुळे आमच्याकडे सध्या शिंकायलाही परवानगी लागते.

आईला सांभाळ. आणि तू मात्र आजारी पडू नकोस हं, मला दोन-दोन रांगा झेपायच्या नाहीत.

या वेळचा शब्द कळव.

तुझी,
ठकू


१५ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. तुझ्या आईने पार्सलची दोरीसुद्धा गुंडाळून ठेवली आहे. तिची तब्येत बरी आहे, सकाळी फाटकापर्यंत चालून येते आणि जग बघून आल्यासारखी बातम्या सांगते.

मी कारखान्यातलं कटिंग सोडलं. उजवा हात जरा थरथरतो. गणवेशाच्या कापडाचे वीस-वीस थर एकदम कापायचे, तिथे थरथरणारा हात काय कामाचा? मालक भला माणूस आहे, त्याने मला बटणं मोजायला बसवलं. डिसेंबरात ताईला डॉक्टरकडे नेलं होतं तेव्हा त्याने मलाही तपासलं. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाला, पण फार उभं राहू नका. बटणं मी बसूनच मोजते.

तू फोन कर म्हणतेस. फोनवर ताईला ऐकू येत नाही आणि मला खोटं बोलता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं.

या वेळचा शब्द: एच, ए, एल, व्ही, ई. वाचायचा कसा आणि अर्थ काय ते लिही. तू वसतिगृहात गेलीस तेव्हापासून पत्रागणिक एक शब्द शिकवते आहेस, वहीत दोनशे बावीस झाले. हा दोनशे तेविसावा. याची जरा घाई आहे. बाकीचं पत्र नंतर लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
मावशी


२७ जानेवारी

प्रिय मावशी,

शब्दाची घाई असलेली तू जगातली एकटीच बाई असशील. उशीर झाला, रागावू नकोस.

हा शब्द "हाव्ह" असा म्हणायचा. त्यातला एल लिहायचा, म्हणायचा नाही. आपली हाव सुटते ती वेगळी. हा शब्द तर हावरटपणाच्या अगदी दुसऱ्या टोकाला बसलेला आहे. अर्थ असा: एखाद्या गोष्टीचे दोन सारखे भाग करणे. यातलं "सारखे" महत्त्वाचं. "शेअर" करताना कमीजास्त चालतं, आपण ते मनावर घेत नाही. "डिव्हाइड" केलं तर तीन, पाच, दहा, हवे तितके वाटे करता येतात. हाव्हला दोनच लागतात, आणि तेही तराजूत घातले तर काटा हलता कामा नये असे.

दुसरा अर्थ निम्म्यावर आणणे. वेग, वजन, अंतर, औषधाची मात्रा. गर्दी आपोआप निम्मी झाली तरी हेच क्रियापद वापरतात. सुतारांचा उपयोग मला सगळ्यात आवडतो. दोन लाकडं एकमेकांवर बसवायची असली की दोन्हींची निम्मी जाडी तासून काढतात आणि मग ती एकावर एक सपाट बसतात. त्यालाही हाव्ह करणे म्हणतात. दोघांनी आपापलं अर्धं काढून टाकायचं, तेव्हा सांधा होतो.

ही नोंद मी स्वतः लिहिली आहे, आणि कधी कुणाचं कौतुक न करणाऱ्या आमच्या संपादकांनी तिच्यावर लाल शाई लावली नाही. म्हणून इतकं लांबण लावलं. आता वाक्यं करून पाठव. वाक्यात वापरला नाही तर शब्द अंगात मुरत नाही.

तुझी,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझं पत्र ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन वाक्यं केली आहेत.

पहिलं: आम्ही बहिणी लहानपणी सगळं हाव्ह करायचो. साबणाची वडी, पेन्सिल, खोडरबर, सफरचंद, एकदा तर पावसाळी टोपीसुद्धा, म्हणजे ती दोघींच्याही उपयोगाची राहिली नाही. आमच्या आईचा नियम होता, एकीने कापायचं आणि दुसरीने निवडायचं. कापणाऱ्याने निवडायचं नाही. मी कापायची, ताई निवडायची. हा नियम पुष्कळ घरांत असेल, पण ताईसारखी निवडणारी कुठे नसेल. त्याचं कधीतरी सांगेन.

दुसरं: ठकूने घरी येणं हाव्ह केलं. चारदा यायचीस, मग दोनदा, गेल्या वर्षी एकदा. वाक्य बरोबर आहे का ते सांग. रागावू नकोस, खरंच दुसरं उदाहरण सुचलं नाही.

एक शंका आहे. कागदावर "डू नॉट हाव्ह" असं छापलेलं असलं आणि तरी कुणी केलंच, तर काय होतं? आणि तू सारखे भाग म्हणतेस, पण आयुष्य कापण्यात गेलेल्या बाईला विचार. पातं जिथून जातं तिथलं थोडं कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्या चुऱ्याचं कोशात काय लिहिलं आहे?

ताईच्या पायांवर थोडी सूज आहे. थंडीची असेल.

तुझी,
मावशी


३ मार्च

प्रिय मावशी,

नवा डबा आज पाठवला.

तुझं दुसरं वाक्य बरोबर आहे. व्याकरणात एकही चूक नाही, म्हणून जास्त लागलं. मला यावंसं वाटत नाही असं तुला वाटतं का? एच ते एम माझ्या एकटीच्या गळ्यात आहे आणि छपाईची प्रुफं तपासून तपासून डोळ्यांचं पाणी आटलं. छपाई संपली की जूनमध्ये पंधरा दिवस येते आणि तुझं वाक्य खोटं पाडते.

तुझा तो कागद म्हणजे कटिंगचा नमुनाच ना? पाठीचा तुकडा घडीवर सलग कापायचा असतो, मधोमध कापायचा नसतो, हे तूच मला दाखवलं होतंस. कापून झाला असेल तर मधे एक शिवण घालून टाक, पाठीमागचं कोण बघतंय? आणि बटणांवर बसवलेल्या बाईने नमुन्यांची काळजी करू नये. सूचना लिहिणारी माणसं मुलखाची भित्री असतात. आपल्या अंगावर काही यायला नको म्हणून सगळ्यालाच "करू नका" म्हणतात. मी रोज त्यांच्यातच बसते.

चुऱ्याचं कोशात काही नाही.

आईच्या पायांखाली उशी ठेव.

ठकू


२० एप्रिल

चि. ठकूस,

ताईला आता फाटकापर्यंत जाववत नाही. खुर्ची दारात ठेवली आहे, तिथूनच बातम्या आणते. दम लागतो. डॉक्टर येऊन गेला. गोळ्या वेळेवर घेता ना विचारलं, तर ती म्हणाली, एक दिवस चुकवलेली नाही. हे खरं आहे.

तू जूनमध्ये येणार म्हणून ती बोटं मोजते. मे महिन्यात जमलं तर बघ. नाही जमलं तर राहू दे, तुझी छपाई आहे.

या वेळी शब्द नाही.

मावशी


२ मे

प्रिय मावशी,

डबा पाठवला. पानं छापायला गेली. वीस तारखेचं तिकीट काढलं आहे, आईला सांग. या वर्षातली ही पहिली खेप, दुसरी ऑक्टोबरात. घाबरवण्यासारखं काही असेल तर शेजारच्यांकडून फोन कर, मी आधी निघेन.

ठकू


५ जून

मावशी,

मी परत येऊन पोचले. आईला जाऊन चोवीस दिवस झाले. तुझा फोन आला त्याच संध्याकाळी निघाले, तरी मला तिचा हातसुद्धा हातात घेता आला नाही. तिथे असताना तू माझ्यासमोर फार वेळ बसत नव्हतीस. मला वाटलं, तू दुःखात आहेस. मीही होते, म्हणून विचारलं नाही.

काल मी आईचा डबा परत करायला इस्पितळात गेले. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून. खिडकीतल्या माणसाने डबा उघडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. वरच्या कप्प्यात एका गोळीचे कापलेले दोन तुकडे होते. तो म्हणाला, "हे कुणी केलं? ही गोळी अर्धी करायची नसते, आवरण फुटलं की ती धड काम करत नाही. आत कागद असतो की." मी आतला घड्या पडलेला जुना कागद उघडला. त्यातल्या एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती आणि वर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, हाव्ह, दोन सारखे भाग करणे.

ते माझंच वाक्य होतं. मी रांगेतून बाजूला झाले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले.

तू मला शब्द विचारलास आणि मी दोन पानं अर्थ लिहिला. सुतारांपर्यंत गेले. कुठे वाचलास, इतकंच विचारलं नाही. पण तू का सांगितलं नाहीस? चार महिने होते तुझ्याकडे. मला तुझा राग आला आहे आणि तो लपवायचा नाही असं ठरवून लिहिते आहे.

दुसरी अर्धी गोळी कोण घेत होतं, मावशी?

ठकू


१८ जून

चि. ठकूस,

दुसरी अर्धी मी घेत होते.

डिसेंबरात डॉक्टर ठीक आहे म्हणाला नव्हता. ताईचंच दुखणं मला निघालं आणि तीच गोळी सांगितली. त्यासाठी तुमच्या इस्पितळात येऊन चार दिवस तपासण्या करायच्या, मग कार्ड. ताईला चार दिवस कुणाच्या भरवशावर ठेवायची? तुलाच विचारावं म्हणून कागद घेऊन बसले होते, तेवढ्यात तुझं दोन रांगांचं पत्र आलं. तू थट्टेत लिहिलं होतंस, ते आम्हाला कळलं. ताई हसलीसुद्धा. मग म्हणाली, "पोरीला सांगायचं नाही. आपण आजवर काय कमी गोष्टी निम्म्या केल्यात?" आणि मला स्वतःची शपथ घातली. त्याच दिवशी मी पहिली गोळी कापली. गोळीवर मधे रेघ नव्हती, म्हणून मला शंका आली आणि मी कागद उघडला. "नॉट" कळत होतं, पुढचं कळत नव्हतं. म्हणून तुला घाई केली.

तुझं उत्तर आलं तेव्हा मी ताईला म्हटलं, आता बास. उद्यापासून तू अख्खी घे, माझं मी बघते. दुसऱ्या दिवशी अख्खी गोळी बशीत घालून तिच्यापुढे ठेवली. तिने ती घेतलीच नाही. सकाळपासून दुपारपर्यंत बशीकडे बघत बसली. "तू कापल्याशिवाय घेणार नाही," म्हणाली. तुझी आई कशी हट्टी ते मी तुला काय सांगू? दुपारी दोन वाजता मी कापली. अर्धी का होईना, पोटात जाऊ दे म्हटलं. मग तुला आडून विचारलं. शपथ मोडायची नव्हती, आणि तुला आपोआप कळावं असंही वाटत होतं. तुला कळलं नाही. मी नीट विचारलंच नव्हतं, त्यात तुझी चूक नाही. पण तू शिवण घालून टाक म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं, हेही खरं आहे. मला कुणीतरी तसं म्हणायला हवंच होतं.

कधीतरी सांगेन म्हटलं होतं ते आता सांगते. कापणाऱ्याने निवडायचं नाही, हा नियम कशासाठी? निवडणारा मोठा तुकडा घेईल, म्हणून कापणारा आपोआप सारखं कापेल. पण ताई नेहमी लहान तुकडा उचलायची. पाच वर्षांची असताना हे माझ्या लक्षात आलं आणि मी मुद्दाम लहानमोठं कापायला लागले, म्हणजे मोठा मला राहील. पुष्कळ दिवस मी तसं केलं. ती लहान उचलायची आणि खाऊन झाल्यावर हात झटकायची. एक दिवस माझी मलाच लाज वाटली. तेव्हापासून मी मधोमध कापायला शिकले. तिला कमी पडू द्यायचं नसेल तर दुसरा मार्गच नव्हता. कारखान्यात म्हणायचे, बाईचा हात मशीनसारखा आहे. तो हात ताईने घडवला होता.

आणि या वर्षी तो हात गेला, ठकू. बशी, चष्मा, नवं पातं, सगळं करून बघितलं. गोळी एकदाही मधोमध कापली गेली नाही. एक तुकडा मोठा, एक लहान, थोडा चुरा. ती रोज लहान उचलायची. मी बशी फिरवून ठेवली, तरी ती शोधून लहानच घ्यायची. एकदा मी आधी हात घातला तर तिने माझ्या हातावर चापट मारली आणि नियम सांगितला. सत्तरीच्या दोन बायका गोळीवरून भांडत होतो. शेवटी चुरा तरी तू घे म्हटलं, तर तो तिने बोटाने टिपून माझ्या जिभेवर ठेवला.

डॉक्टर म्हणतो, तिचं हृदय थकलेलंच होतं, त्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही. तो चांगला माणूस आहे. पण मी कटर आहे. पाव इंच चुकला की सगळा कपडा कसा अंगावर चढत नाही, ते मला माहीत आहे. चार महिने रोज सकाळी मोठा तुकडा मी खाल्ला.

तुझा राग बरोबर आहे. तो ठेव, पण पत्र लिहीत जा.

मावशी


३० जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र पोचलं. राग कुठे ठेवू ते कळेना. शेवटी तो सगळा माझ्याकडेच परत आला. दोन रांगा झेपायच्या नाहीत, हे वाक्य मी लिहिलं होतं. रोज शब्दांचे अर्थ लावते आणि त्याचे पैसे घेते, पण माझ्या मावशीने काय विचारलं ते मला समजलं नाही.

कोशाची पहिली प्रत टेबलावर आली. मी आधी तीच नोंद काढली. त्यात "औषधाची मात्रा" छापलेलं आहे. मी संपादकांना म्हटलं, पुढच्या वेळी हे उदाहरण काढू. ते म्हणाले, का, अचूक आहे की. आहे अचूक.

तुझ्या डॉक्टरांचे कागद मागवून घेतले आणि काल रांगेत उभी राहिले. तपासणी सप्टेंबरात करायची या बोलीवर तुझ्या नावाचा डबा मिळाला. मी न्यायला येईन. तोवर महिन्याला एकदा येणार आहे, वाक्य खोटं पाडायला म्हणून नाही, मला आता घरात तू एकटीच आहेस म्हणून.

रोज एक गोळी. अख्खी, पाण्याबरोबर. घेतलीस असं मला लिहून कळव, आणि खरं लिही.

तुझी,
ठकू


१२ जुलै

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. माझं नाव छापलेला डबा मी पहिल्यांदाच बघितला. दोरी गुंडाळून ताईच्या दोऱ्यांमध्ये ठेवली.

फोनवर मला खोटं बोलता येत नाही, पण पत्रात येतं, हे तुला आता कळलेलं आहे. म्हणून खरं लिहिते. पहिल्या दिवशी मी गोळी बशीत ठेवली आणि हाताने आपोआप पातं घेतलं. कापली. कशी कोण जाणे, त्या दिवशी बरीचशी मधोमध कापली गेली. दोन तुकडे बशीत ठेवून मी थांबले. कशासाठी थांबले ते माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. साठ-पासष्ट वर्षांत मी कधी पहिला तुकडा उचललेला नाही, मला निवडता येत नाही. डोळ्यांपाशी नेऊन बघितले, त्यातला लहान कुठला ते शोधलं आणि आधी तो घेतला. मग दुसरा. मग खूप रडले. ताई गेली त्या दिवशीसुद्धा इतकी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पातं शेजारणीला देऊन टाकलं. तेव्हापासून रोज अख्खी घेते, तुझी शपथ. वहीत दोनशे तेविसाव्या शब्दापुढे वाक्याची जागा कोरी होती, तिथे ताईचं नि माझं, आम्हा बहिणींचं वाक्य लिहिलं. तू आलीस की तपास.

तू ये. तुझ्यासाठी खुर्ची दारात ठेवते आहे. बाकी सगळं ठीक. फक्त अख्खी गोळी मला फार मोठी वाटते.

तुझी,
मावशी